छर्ऱ्यांचं छोटं काडतूस: शहराबाहेर घर घेतलेल्यांसाठी

शहर सोडून दोन-तीन एकरांच्या जागेवर राहायला गेलात की पहिल्याच उन्हाळ्यात शेजारी विचारणार, “घरात रॅट शॉट ठेवलंय ना?” रॅट शॉट म्हणजे उंदीर मारायचं, गोळीऐवजी छर्रे भरलेलं छोटं काडतूस. मलाही विचारलं होतं, तेव्हा हा शब्दसुद्धा मला ठाऊक नव्हता. अमेरिकेच्या ग्रामीण भागात राहून आता मला १९ वर्षं झाली. नवीन आलेली मंडळी फोन करून हेच विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी व्हिसाचं बघा. नोकरीचा एच-१बी, शिक्षणाचा एफ-१ अशा तात्पुरत्या, म्हणजे नॉनइमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल, म्हणजे देशभर लागू असलेल्या कायद्याने बंदूकच काय, एक काडतूसही जवळ बाळगता येत नाही. याला मोजके अपवाद आहेत, शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक. पण कायद्याचा अर्थ स्वतःच लावत बसू नका, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. मित्राची बंदूक घटकाभर हातात घेणं हेही ‘बाळगणं’ ठरू शकतं, आणि तिथे तुमचं ग्रीन कार्ड पणाला लागतं. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही आडकाठी राहत नाही. मात्र राज्याचे आणि काउंटीचे (जिल्ह्याचे) नियम वेगळे असतात, आणि बहुतेक शहरांच्या हद्दीत बंदूक झाडायलाच बंदी असते.

आता वस्तू काय आहे ते. पॉइंट टू-टूचं, म्हणजे ०.२२ इंच मापाचं नेहमीचं रिमफायर काडतूस, फक्त पुढे गोळीऐवजी बारीक छर्रे. रिमफायर म्हणजे पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. छर्रे १२ नंबरचे, एकेक जेमतेम सव्वा मिलिमीटरचा, मोहरीच्या दाण्याएवढा. सीसीआय कंपनीच्या काडतुसाला पुढे निळं प्लॅस्टिकचं टोपण असतं आणि आत ३१ ग्रेन, म्हणजे दोन ग्रॅम छर्रे. दुसऱ्या प्रकारात टोपण नसतं, पितळेचंच तोंड चुण्या घालून मिटवलेलं असतं. पॉइंट टू-टू मॅग्नममध्ये छर्रे जास्त, ५२ ग्रेन. पण मॅग्नमचं काडतूस साध्या टू-टूच्या बंदुकीत चालत नाही, घेताना नळीवर कोरलेलं नाव वाचा.

या काडतुसाबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला एका खोक्याने शिकवली. पुठ्ठ्याचं मोठं खोकं मातीच्या उंच बांधाला टेकवून ठेवलं आणि रायफलने ५, १०, १५ आणि २० फुटांवरून एकेक काडतूस झाडलं, दर वेळी नवीन बाजू पुढे करून. ५ फुटांवर भोकं तळहातात मावतील एवढी जवळ होती. १० फुटांवर जेवणाच्या ताटाएवढा पसारा. १५ फुटांवर मधोमध अशी मोकळी जागा पडली की तिथे उंदीर बसला असता तर त्याला चार छर्रेही लागले नसते. २० फुटांवर निम्म्याहून जास्त छर्रे खोक्याबाहेर गेले होते, आणि जे लागले त्यातले काही पुठ्ठ्यात नुसते रुतून बसले होते.

कारण नळीच्या आत असलेले आटे. गोळीला फिरकी मिळून ती सरळ जावी म्हणून ते कोरलेले असतात. तीच फिरकी छर्ऱ्यांना मिळाली की ते बाहेर पडताक्षणी चहूबाजूंना फेकले जातात. त्यात एवढासा छर्रा हवेत वेगही लवकर गमावतो. म्हणून १० फुटांपलीकडे हे काडतूस माझ्या लेखी निरुपयोगी आहे, कारण तिथे प्राणी मरत नाही, नुसता जखमी होतो. ते मला पटत नाही, तुम्हालाही पटू नये. आटे नसलेल्या गुळगुळीत नळीची लांब बंदूक मिळते, तिला गार्डन गन म्हणतात. तिच्यातून छर्रे बरेच एकत्र राहतात. पण पिस्तुलाच्या नळीतले आटे काढून टाकायच्या फंदात चुकूनही पडू नका. आटे नसलेलं छर्ऱ्यांचं पिस्तूल फेडरल कायद्यात वेगळ्या नोंदणीत मोडतं.

खरा उपयोग धान्याच्या कोठारात आणि पत्र्याच्या शेडमध्ये. मोठा उंदीर तुळईवर बसलाय, मागे पत्रा आहे, तिथे साधी गोळी पत्रा फोडून पलीकडे कुठे जाईल याचा भरवसा नाही. छर्रे चार-पाच पावलांवरून साधारणपणे पत्र्यातून आरपार जात नाहीत. फार जवळून मात्र पोचे आणतात, काच फोडतात, काँक्रीटवरून उसळून परत येतात. डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण हवंच. आणि छर्रे बारीक आहेत म्हणून कुणाकडे नळी रोखायची नाही. हातभर अंतरावरून हे काडतूस भयंकर जखम करतं, डोळा तर कितीतरी लांबूनही जाऊ शकतो.

सापांबद्दल माझं मत शेजाऱ्यांपेक्षा वेगळं आहे. या काडतुसाला इकडे स्नेक शॉटही म्हणतात, म्हणून साप दिसला की बंदूक आणायला धावणारे बघितलेत. आपल्याकडे जाणता शेतकरी धामण मारत नाही, कारण ती उंदीर खाते. इथला रॅट स्नेक तेच काम करतो. जॉर्जियात बिनविषारी साप मारणं कायद्याने गुन्हा आहे. न्यू यॉर्क, मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत विषारी टिंबर रॅटलस्नेक, म्हणजे शेपटी खुळखुळवणारा सापही संरक्षित आहे. रस्ता सोडून बाजूला झालात की बहुतेक साप आपणहून जातात. अंगणात मुलं आहेत, रॅटलस्नेक पायरीखाली बसलाय आणि पकडायला कुणी येऊ शकत नाही, अशा वेळी ६-७ फुटांवरून डोक्यावर नेम धरावा लागतो. अंगावर लागलेले छर्रे त्याला लगेच थांबवत नाहीत, तो जखमी होऊन लाकडी फळ्यांखाली शिरतो आणि मग खरा धोका सुरू होतो. मेलेल्या रॅटलस्नेकचं डोकंही बराच वेळ चावू शकतं, हात लावू नका, लांब दांड्याचं फावडं वापरा. चावलाच तर ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. विषबाधेच्या सल्ल्यासाठी देशभर एकच क्रमांक आहे, १-८००-२२२-१२२२. तो फ्रिजवर चिकटवून ठेवा.

पक्ष्यांवर हे काडतूस वापरू नका. १९१८च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने इथले बहुतेक रानपक्षी संरक्षित आहेत, शेडमध्ये घरटं बांधणाऱ्या पाकोळ्यासुद्धा. बाहेरून आणलेली घरचिमणी, स्टार्लिंग आणि पारवा या कायद्यात येत नाहीत, पण राज्याचा नियम तरीही बघा. मारलेला उंदीर उघड्यावर टाकू नका. छर्रे शिशाचे असतात, तो उंदीर खाणाऱ्या घुबडाच्या पोटात शिसं जातं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठलाही वन्यप्राणी मारायला शिशाची गोळी किंवा छर्रे चालत नाहीत.

बंदूक कोणती? बोल्टची (दर वेळी हाताने खटका मागेपुढे करायची) किंवा एकेक काडतूस भरायची रायफल, नाहीतर रिव्हॉल्व्हर. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये, म्हणजे झाडल्याच्या जोरावर पुढचं काडतूस आपोआप भरून घेणाऱ्या बंदुकीत, या काडतुसाचा जोर बहुधा कमी पडतो, पुढचं काडतूस नीट वर येत नाही. माझ्याकडे एकदा निळं टोपण मॅगझिनमधून वर येताना तडकलं आणि छर्रे सगळ्या यंत्रणेत सांडले. संध्याकाळभर टोकदार चिमट्याने एकेक वेचत बसलो होतो. सायलेन्सर किंवा नळीच्या तोंडाला लावलेलं कुठलंही जोडकाम असेल तर हे काडतूस त्यातून झाडायचंच नाही. चाप ओढूनही आवाज झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबा. फुसका आवाज आला तर काडतूस काढून नळीत काही अडकलंय का ते पाहा, मगच पुढचं भरा. नळीत शिसं आणि प्लॅस्टिक चिकटतं, म्हणून त्याच दिवशी साफ करा आणि हात साबणाने धुवा.

आणखी एक. काँक्रीटमध्ये खिळे ठोकायच्या यंत्राची काडतुसंही पॉइंट टू-टूच्या मापात येतात, तोंडाला तशाच चुण्या, टोकाला रंगाचा ठिपका. गॅरेजमध्ये एकाच फळीवर दोन्ही ठेवलीत तर अंधारात गफलत होणार. यंत्राचं काडतूस बंदुकीत कधीही घालायचं नाही. वेगळ्या डब्यात, वेगळ्या कपाटात, कुलपात ठेवा.

आणि भारतात निघताना जॅकेटचे खिसे उलटे करून झटका. शेडमध्ये खिशात टाकलेलं एक काडतूस महिनोन् महिने तिथेच राहतं. माझ्या जॅकेटच्या अस्तरात असंच निळ्या टोकाचं एक निघालं, बॅग भरताना बायकोच्या बोटाला लागलं म्हणून कळलं. इथल्या विमानतळावर त्याचा दंड होऊ शकतो, आणि तिकडे सामानात जिवंत काडतूस सापडलं तर १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवतात. नकळत राहिलं होतं हे पुढे कोर्टात पटवता येतं, पण तोवर पासपोर्ट आणि परतीचं तिकीट दोन्ही अडकलेलं असतं. बॅगेचे बाहेरचे कप्पेही तपासा, मुलांच्या दप्तरासकट.