रोबोटिक्सचा सिलॅबस बसवताना विषय नाही, आधी रोबोट ठरवा

नवीन रोबोटिक्स ब्रांच सुरू होते तेव्हा बहुतेक वेळा मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरचे तीन-चार पेपर उचलले जातात आणि खरा रोबोटिक्सचा पेपर थेट तिसऱ्या वर्षात येतो, तोवर पोरांनी रोबोटला हातसुद्धा लावलेला नसतो. हे अजिबात करू नका.

अमेरिकेत वूस्टर पॉलिटेक्निकने 2007 मध्ये ही डिग्री सुरू केली तेव्हा 'युनिफाइड रोबोटिक्स' नावाचे चार कोर्स काढले, हालचाल, सेन्सिंग, हाताळणी आणि नेव्हिगेशन, आणि प्रत्येकात तिन्ही ब्रांच एकत्र. मला हाच सांगाडा सगळ्यात पटतो.

मग सुरुवात शेवटाकडून करा. चौथ्या वर्षी पोरांचा रोबोट काय करेल ते एका वाक्यात लिहा, समजा खोलीत फिरून खोका उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवेल. आता उलटं या, दर सेमला त्याच रोबोटला काय जमायला हवं?

दुसऱ्या सेमला दोन चाकांची गाडी सरळ चालवायला द्या. ती सरळ जाणारच नाही, कारण एकाच मॉडेलच्या दोन मोटर्सही अगदी सारख्या फिरत नाहीत, आणि तिथेच एन्कोडर (चाक किती फिरलं ते मोजणारा सेन्सर) आणि फीडबॅक कशाला लागतो ते कळतं, मग पीआयडी (चूक मोजून मोटर सतत सुधारत नेण्याची पद्धत) शिकवायला घ्या. चौथ्या सेमला दोन सांध्यांचा हात. टोक एका बिंदूवर न्यायचं तर कोसाइन नियमाने दोन उत्तरं येतात, कोपर वर किंवा कोपर खाली, आणि हात पूर्ण ताणला की जेकोबियनचा, म्हणजे सांध्यांचा वेग टोकाच्या वेगाशी जोडणाऱ्या मॅट्रिक्सचा, डिटरमिनंट शून्य होतो. म्हणजे मॅट्रिक्स त्याआधी झालेलं पाहिजे. कालमन फिल्टरच्या (सेन्सरच्या चुकणाऱ्या आकड्यांतून रोबोट कुठे आहे याचा अंदाज काढायची पद्धत) आधी प्रोबॅबिलिटी हवी, म्हणून मॅथ्सच्या सरांना पहिल्याच मीटिंगला बसवा, नंतर नाही.

क्रेडिट लॅबला मोकळ्या हाताने द्या. दोन तास लॅबला एकच क्रेडिट मिळतं म्हणून लॅब कापायचा मोह होतो, त्यापेक्षा एखादा थिअरी पेपर कमी करा. काचेत ठेवलेला एक महागडा इंडस्ट्रियल आर्म घेण्यापेक्षा तीन-तीन पोरांच्या ग्रुपला एक साधं किट द्या, आणि तेच किट पुढच्या सेमला वाढवत न्या. लॅबमध्ये दोन वेगळ्या डिपार्टमेंटचे शिक्षक एकत्र उभे राहिले पाहिजेत, टाइमटेबल लावताना डोकं फिरतं पण हे सोडू नका.

आणि प्रॅक्टिकल परीक्षेत चालणारा रोबोट बघून मार्क देऊ नका, एन्कोडरची एक वायर काढून ठेवा आणि काय बिघडलंय ते शोधायला सांगा.