‘चूका’ नव्हे, चुका: मराठी लिहिताना हे टाळा

‘या चूका टाळा’ अशा मथळ्याचे लेख ढिगाने सापडतात आणि पहिली चूक मथळ्यातच असते. एकवचन ‘चूक’, अनेकवचन ‘चुका’. हे असे का, ते कळले की शेकडो शब्दांचा प्रश्न सुटतो. मराठी शब्दाच्या शेवटी अ-कार असेल, तर त्याच्या आधीचा इ किंवा उ दीर्घ लिहायचा: फूल, वीज, बहीण, जमीन, वकील, पोलीस, निवडणूक. प्रत्यय लागला किंवा अनेकवचन झाले की शेवटचा अ-कार जातो आणि मागचे अक्षर ऱ्हस्व होते: फुले, विजेचा, बहिणीला, जमिनीत, वकिलांना, पोलिसांनी, निवडणुकीत. ‘पोलीसांनी’ आणि ‘निवडणूकीत’ ही रूपे वर्तमानपत्रांतही सर्रास दिसतात. इथे कानाचा उपयोग नाही. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फारसे वेगळे करत नाही, त्यामुळे ‘उच्चाराप्रमाणे लिहा’ हा सल्ला इथे कुचकामी ठरतो.

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले तत्सम शब्द मात्र हलत नाहीत. शरीर–शरीरात, प्रतीक–प्रतीकांचा. गुण, मंदिर, तरुण यांतले ऱ्हस्व तसेच राहते. ‘-इक’ लागून झालेले विशेषण तर नेहमी ऱ्हस्व: हार्दिक, सामाजिक, प्राथमिक. ‘हार्दीक शुभेच्छा’ लिहिलेले फलक दर सणाला चौकाचौकांत लागतात.

तत्सम शब्द पाठ करण्यापेक्षा त्यांचा सांधा शोधावा. परि + ईक्षा = परीक्षा. त्याच ‘ईक्षा’मुळे समीक्षा, प्रतीक्षा, निरीक्षक, अधीक्षक हे सगळे दीर्घ. शिक्षा आणि भिक्षा यांत ती नाही, म्हणून ते ऱ्हस्व. जोडाक्षरांचेही तसेच. महत् + त्व = महत्त्व, म्हणून दोन त; व्यक्तिमत्त्व आणि तत्त्व यांतही दोन. पण नेतृ + त्व, अस्ति + त्व यांत मुळात एकच, म्हणून नेतृत्व, अस्तित्व. तत् + ज्ञ = तज्ज्ञ, उत् + ज्वल = उज्ज्वल, पश्चात् + ताप = पश्चात्ताप. ‘कोट्यावधी’ हे रूप ‘लक्षावधी’च्या नादाने आले असावे, कोटी + अवधी यांचा संधी ‘कोट्यवधी’ असाच होतो. याउलट स्रोत, सहस्र, हिंस्र यांत त नाहीच, तरी तो हमखास घुसवला जातो.

निमंत्रणपत्रिका छापणाऱ्यांनी एवढे एक लक्षात ठेवावे: भूमिपूजन ऱ्हस्व, लक्ष्मीपूजन दीर्घ. मूळ संस्कृत शब्द ‘भूमि’, तो मराठीत सुटा लिहिताना ‘भूमी’ होतो. समासात पहिले पद म्हणून आला की पुन्हा ऱ्हस्व. कविसंमेलन, शक्तिप्रदर्शन, गुरुवार हे त्याच जातीचे. मंत्रिमंडळ आणि पक्षिमित्र हेही ऱ्हस्वच, कारण ते मुळात इन्-अन्ती, म्हणजे ‘इन्’ने संपणारे संस्कृत शब्द (मंत्रिन्, पक्षिन्). लक्ष्मी, नदी मुळातच दीर्घ, म्हणून लक्ष्मीपुत्र, नदीकाठ. आणि ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब, केविलवाणा. ‘शिक्षक दीन’ असा फलक लावणाऱ्याला बहुधा तसे म्हणायचे नसते.

अनुस्वाराचा गोंधळ दोन जागी होतो. पहिली जागा ‘ने’ आणि ‘नी’ची. एकवचनी ‘त्याने’, अनेकवचनी किंवा आदरार्थी ‘त्यांनी’. ‘त्यानी’ असे रूप प्रमाण लेखनात नाही. ‘मुलानी’ आणि ‘सरानी’ही नाहीत. मुख्यमंत्री एकच असले तरी आदर दाखवायचा तर ‘मुख्यमंत्र्यांनी’. दुसरी जागा बोलीवळणाच्या रूपांची. ‘सांगितले’ लिहा किंवा ‘सांगितलं’ लिहा, दोन्ही चालतात. ‘सांगितल’, ‘झाल’, ‘माझ मत’ ही रूपे अर्धवट आहेत. एका लेखात दोन्ही पद्धती मिसळू नयेत. नांव, गांव, पांच यांवरचे अनुस्वार मात्र मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी कधीच काढून टाकले आहेत. त्यांतले १४ नियम राज्य शासनाने १९६२मध्ये मान्य केले, १९७२मध्ये आणखी ४ वाढले. तरीही जुने अनुस्वार देऊन लेखन ‘शुद्ध’ करणारे भेटतात.

शब्दयोगी अव्यय तोडणे हा अलीकडचा रोग, बराचसा हिंदी लेखनपद्धतीवरून आलेला. ‘घरा समोर’, ‘त्या मुळे’, ‘मुंबई मधील’ हे सगळे जोडून लिहायचे: घरासमोर, त्यामुळे, मुंबईमधील. वाक्यरचनेतही हिंदी डोकावते: ‘माझी मदत कर’ नव्हे, ‘मला मदत कर’. ‘पोलिसांद्वारे अटक करण्यात आली’ हे भाषांतराचे मराठी. ‘पोलिसांनी अटक केली’ एवढे पुरते. नागपूरकडचे ‘तो येऊन राहिला’ याला मात्र चूक म्हणू नये. ती बोली आहे आणि पात्राच्या तोंडी ती तशीच हवी.

कळफलकामुळे होणाऱ्या चुका वेगळ्या. ‘शेतकर्यांना’ लिहिणाऱ्याला शब्द येत नसतो असे नाही, त्याला ऱ सापडत नसतो. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळफलकावर शिफ्ट धरून र-ची कळ दाबली की ऱ उमटतो. मग हलन्त आणि य. शब्दाच्या शेवटचा री किंवा रा बदलून ‘ऱ्या’ होत असेल तिथे हाच र हवा: शेतकरी–शेतकऱ्यांना, दुसरा–दुसऱ्या. कार्य, सूर्य यांत रफारच. फरक महत्त्वाचा आहे, कारण ‘आचार्यांना’ बोलावले तर विद्वान येतील, ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर स्वयंपाकी. रु आणि रू लहान टंकात सारखेच दिसतात, म्हणून तपासताना अक्षरे मोठी करून पाहावीत: पुरुष, रुपया, सुरुवात ऱ्हस्व; रूप, स्वरूप, सुरू दीर्घ. फोनच्या शब्दसूचीत चुकीचे रूप एकदा साठले की तो तेच सुचवत राहतो. तिथून ते पुसून टाकावे.

मजकूर पाठवण्याआधी वरपासून खालपर्यंत वाचत बसण्यापेक्षा शोधपेटी वापरावी. आधी एक मोकळी जागा आणि पुढे ‘मध्ये’, ‘साठी’, ‘मुळे’, ‘समोर’ असे टाकून शोधले की तुटलेले शब्द पुढे येतात. मग ‘र्य’, ‘त्व’, ‘स्त्र’, ‘यानी’ शोधावेत. वस्त्र आणि शास्त्र बरोबरच असतात, ते सोडून द्यावेत. ‘कि’ एकटे आढळले तर ते ‘की’ करावे. ‘आणि’ व ‘परंतु’ ऱ्हस्वच ठेवावेत. ‘ॲप’ शोधून सापडले नाही तर ‘अॅप’ टाकून पाहावे. दोन्ही सारखे दिसले तरी एकात ॲ हे स्वतंत्र चिन्ह असते, दुसऱ्यात अ-वर अर्धचंद्र चढवलेला असतो, आणि संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात.