रास्पबेरी पायवर घरची वीज मोजताय? या चुका टाळा

नाशिकला थंडी पडली की गिझर सकाळ-संध्याकाळ चालू होतात, बिल आलं की लोकांचे डोळे पांढरे होतात, आणि मग कोणीतरी मला फोन करतं की अरे रास्पबेरी पाय (छोटा, एका बोर्डाचा कॉम्प्युटर) आणलाय, क्लॅम्प (वायरीभोवती बसवून करंट मोजणारा चिमटा) पण आणलाय, पण आकडे काहीच्या काही येतायत. दरवर्षी तेच फोन, त्याच चुका. म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकू.

सगळ्यात कॉमन म्हणजे क्लॅम्प अख्ख्या केबलवर लावणं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही आतून गेले की जाणारा करंट आणि परत येणारा करंट एकमेकांना खाऊन टाकतात, आणि स्क्रीनवर शून्य. मग सेन्सर खराब आहे म्हणून दुकानदाराशी भांडण. क्लॅम्पमध्ये फक्त फेजची एकच वायर घ्यायची. त्यासाठी डीबी (घरातली एमसीबींची पेटी) उघडावी लागते, ती मेन पाडून आणि वायरमनला बोलावूनच उघडा, यात शहाणपणा नको. आणि मीटरकडच्या सीलबंद बाजूला तर हातच लावायचा नाही, मेन पाडला तरी तिकडची वायर जिवंतच असते, शिवाय मीटरशी छेडछाड म्हणजे वीज कायदा २००३ चं कलम १३८.

क्लॅम्प बंद करताना टक् असा आवाज आला पाहिजे. माझ्याच घरी आठ दिवस आकडा कमी येत होता, शेवटी क्लॅम्प उघडून बघितला तर फेराइटच्या (आतल्या चुंबकी गाभ्याच्या) दोन तोंडांच्या मधे पुट्टीचा एक कण बसलेला. नखाने खरवडला, फडक्याने पुसलं, आकडा जागेवर.

पायला अ‍ॅनालॉग इनपुट नाही. क्लॅम्प थेट जीपीआयओला (पायच्या पिनांना) जोडू नका, एवढंच. मधे एडीएस१११५ (अ‍ॅनालॉग सिग्नलचे आकडे करून देणारी चिप) टाकला असेल तर तो डिफॉल्टला सेकंदाला १२८ सॅम्पल घेतो, आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एका सायकलमागे जेमतेम अडीच सॅम्पल, त्यातून काय कप्पाळ मोजणार. ८६० पर्यंत वाढवा. किंवा सरळ पीझेम-००४टी हे तयार मॉड्यूल घ्या, व्होल्टेज, करंट, पॉवर फॅक्टर (व्होल्टेज गुणिले करंटपैकी खरी पॉवर किती, तो वाटा) सगळं तोच मोजतो. मी तो यूएसबी-टीटीएल कन्व्हर्टरने (मॉड्यूलचा सिग्नल पायच्या यूएसबीत आणणाऱ्या) जोडतो, कारण पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या, ५ व्होल्ट लागले की पाय गेला. त्याच्या एका बाजूला चक्क २३० व्होल्ट असतात, तेव्हा प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करा, टेबलावर उघडा टाकून फोटो काढत बसू नका.

आता माझी लाडकी चूक. गंगापूर रोडला माझ्या मावसभावाचा बंगला आहे, थ्री फेज कनेक्शन. दादाने तीन पीझेम लावले, तीन क्लॅम्प तीन फेजवर, एकदम झकास वायरिंग. महिन्याअखेर बघतो तर पायचे युनिट मीटरपेक्षा कितीतरी कमी. दादा पेटला. "मीटर पळतोय रे, लुटतायत आपल्याला," म्हणून ग्राफची प्रिंट काढून तक्रार करायला निघाला होता, वहिनीने मला फोन केला म्हणून थांबला. मी गेलो आणि फक्त गिझर चालू करायला सांगितला. गिझर २००० वॅटचा, स्क्रीनवर व्होल्टेज बरोबर, करंट पावणेनऊ अँपिअर तोही बरोबर, पण पॉवर हजार वॅट आणि पॉवर फॅक्टर ०.५. अरे गिझर म्हणजे नुसती कॉइल, त्याचा पॉवर फॅक्टर १ च्या आसपासच हवा! विचारलं, व्होल्टेजच्या वायरी कुठून घेतल्या? तर म्हणे वायर कमी पडली, म्हणून तिन्ही मॉड्यूलना एकाच एमसीबीवरून दिलं, २३० तर सगळीकडे सारखंच ना. सारखं असतं, पण एका वेळी नसतं दादा. तीन फेज एकमेकांपासून १२० अंशांनी सरकलेले असतात. करंट एका फेजचा आणि व्होल्टेज दुसऱ्याचं घेतलं की हिशोबात कॉस १२० येतो, म्हणजे उणे अर्धा, आणि हे मॉड्यूल उणे चिन्ह दाखवत नाही, मग दिसते निम्मी पॉवर. त्याचा गिझर आणि एसी नेमके दुसऱ्या दोन फेजवर. मीटरभर वायर वाचवली आणि महिनाभराचा डेटा कचऱ्यात.

म्हणून मी काहीही लावलं की पहिल्या दिवशी मीटरच्या लाल दिव्याशी ताडून बघतो. मीटरवर छापलेलं असतं, माझ्याकडे एका युनिटला ३२०० ब्लिंक. फक्त गिझर चालू ठेवायचा, बाकी सगळं बंद, मोबाइलचं स्टॉपवॉच घ्यायचं, पहिल्या ब्लिंकला एक नाही तर शून्य म्हणायचं आणि दहा मोजायचे. ११२५० ला सेकंदांनी भागलं की वॅट. साडेपाच-पावणेसहा सेकंद आले तर गिझर २००० च्या आसपास. तुमचा आकडा ३२०० नसेल तर ३ कोटी ६० लाखाला त्या आकड्याने भागा, ११२५० च्या जागी ते उत्तर घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण लोकांना आधी मोबाइलवर रंगीत डॅशबोर्ड हवा असतो.

नुसता करंट मोजून २३० ने गुणणारे पण आहेत. फ्रिज, पाण्याची मोटर, जुने पंखे यांचा पॉवर फॅक्टर १ नसतो, युनिट फुगलेले दिसणार.

मेमरी कार्डवर दर सेकंदाला लिहू नका, दिवसाला ८६४०० वेळा होतं ते, कार्ड झिजतं. मी रॅममध्ये जमवतो आणि पाच मिनिटांनी एकदा पेन ड्राइव्हवर टाकतो. पाय इन्व्हर्टरच्या लाइनवर ठेवा. तेवढं नसेल तर निदान डीएस३२३१ चं घड्याळ लावा, कारण पाय ४ पर्यंतच्या बोर्डांना स्वतःचं घड्याळच नाही, लाइट येते, पाय उठतो, राउटर अजून उठलेला नसतो, आणि नेट येईपर्यंतचं सगळं रीडिंग लाइट गेली त्या वेळेच्या नावावर जमा. दादाच्या ग्राफमध्ये असाच एक गिझर पहाटे तीनला चालू झालेला दिसत होता, आणि त्यावरून घरात भांडण झालं होतं ते वेगळंच.