पक्षावर वैतागलाय पण निशाणी सोडवत नाही? मी कसं ठरवतो ते सांगतो

आमच्याकडे मत कुणाला हा प्रश्नच नसायचा, आजोबा गिरणीत, वडील कॉन्ट्रॅक्टवर, आणि घरात निशाणी एकच. पाच वर्षं शिव्या घालायच्या आणि मतदानाला परत तेच बटण, का तर "आपला पक्ष आहे". तुमचंही असंच होत असेल तर हे वाचा.

सगळ्यात आधी उपकार कुणाचे आहेत ते लिहून काढा, खरंच कागदावर. रात्री दोनला अॅम्ब्युलन्स आणणारा, अॅडमिशनसाठी पत्र मिळवून देणारा, मयताला धावत येणारा हा कार्यकर्ता असतो, तुमच्याच चाळीतला माणूस. त्याच्या मुलीच्या लग्नात राबा, त्याला नड असेल तर पैसे द्या, तो अॅडमिट झाला तर रात्रभर बसा. उपकार तिथे फिटतात. तुमच्या पीएफवर, तुमच्या कॉन्ट्रॅक्टवर निर्णय घेताना त्या बिचाऱ्याला कोण विचारतंय? खाल्ल्या मिठाला जागावं हे शंभर टक्के बरोबर, पण मीठ कुणाच्या घरचं होतं ते तर बघा.

दुसरीकडे मत दिलं की गद्दारी, असं वाटत असेल तर गिरणगाव, म्हणजे मुंबईतला कापड गिरण्यांचा भाग आठवा. 1970 मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला, पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी उभ्या राहिल्या आणि तरीही वामनराव महाडिक निवडून आले, शिवसेनेचे पहिले आमदार, ते पण लाल बावट्याच्या वस्तीतून! मग 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार युनियनचे पुढारी दत्ता सामंत यांच्या मागे गेले, कारण 1946 च्या कायद्याने मालकांशी बोलायचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता, म्हणजे काँग्रेसकडची युनियन, आणि ती आपलं ऐकत नाही असं कामगारांचं म्हणणं. 1984 ला देशभर काँग्रेसची लाट, पण दक्षिण मध्य मुंबईतून सामंत अपक्ष खासदार झाले. यातल्या कोणाला गद्दार म्हणणार?

पण खरं सांगायचं तर निशाणी बदलून गिरण्या वाचल्या नाहीत. जमिनीवर टॉवर आले. गिरणी कामगारांच्या घरांचं जे काही थोडंफार झालं, 2012 ला म्हाडाची सोडत वगैरे, ते वेगवेगळ्या युनियननी वर्षानुवर्षं मोर्चे काढून मागणी लावून धरली म्हणून. तर पक्ष सोडा नाहीतर ठेवा, युनियनची वर्गणी थांबवू नका.

आता मत ठरवताना तुमची एकच मागणी पकडा, दहा नको. किमान वेतन असेल तर ते राज्य सरकार ठरवतं म्हणजे आमदाराला विचारा, गल्लीतलं पाणी नगरसेवकाला, खासदाराला विचारा की कामगार कायदा आला तेव्हा तुम्ही कुठे होतात. खासदाराचा राग नगरसेवकावर काढू नका, तिन्ही निवडणुकांना एकच पक्ष पाहिजे असा काही नियम नाहीये. उमेदवार चाळीत आला की हार घालायच्या आधी सगळ्यांसमोर तो एक प्रश्न विचारा आणि कोणाला तरी मोबाईलवर रेकॉर्ड करायला सांगा, एकट्याने कोपऱ्यात विचारलं की "बघतो" एवढंच मिळतं. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या साइटवर फुकट दिसतं, मालमत्ता, केसेस सगळं. निधी कुठे खर्च झाला यासाठी 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, फक्त तो निवडणुकीच्या दोन-तीन महिने आधी टाका, उत्तराला महिना जातो.

नोटा 2013 पासून आहे. राग दाखवायला ठीक, पण विधानसभा-लोकसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालोखाल मतं मिळालेला उमेदवार निवडून येतोच, त्यामुळे मी तरी ते बटण दाबत नाही.

आणि लोकसभा-विधानसभेच्या मतदानाला पगारी सुट्टी असते, रोजंदारीवाल्यांनाही, ठेकेदार नाही म्हणाला तरी कायद्यात आहे. बूथबाहेर टेबल टाकून तोच अॅम्ब्युलन्सवाला कार्यकर्ता बसलेला असणार, विचारेलच "आपलंच ना?" हसून चिठ्ठी घ्या, तब्येत विचारा आणि आत जा, पडद्यामागे तो येत नाही.