काचबिंदूच्या ड्रॉप्सची बाटली सोपी करायला घेताय? या चुका टाळा

आईला काचबिंदू निघाला त्याला सहा वर्षं झाली. दोन्ही डोळ्यांत रात्री एकेक थेंब, आणि उजव्या डोळ्यात सकाळ-संध्याकाळ दुसरं औषध, कागदावर वाचलं तर काहीच अवघड नाही. पण तिच्या बोटांना संधिवात आहे, मान मागे टाकली की गरगरतं, त्यामुळे परळच्या आमच्या घरात रोज रात्री तिचा एकच प्रश्न असायचा, "पडला का रे?" मी प्रॉडक्ट डिझाईनचं काम करतो, वाटलं दोन आठवड्यांत बाटलीला लावायचं काहीतरी बनवून देऊ, आणि दीड वर्ष झालं तरी त्यातच आहे. जे चुकलं ते लिहितोय, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रिकाम्या बाटलीत पाणी भरून टेस्ट करणं. मी महिनाभर तेच केलं. बहुतेक ड्रॉप्समध्ये बेन्झाल्कोनियम क्लोराइड नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह असतं, त्याने द्रवाचा पृष्ठताण कमी होतो आणि थेंब लहान असतानाच नोझलवरून सुटतो, पाण्याचा थेंब त्यापेक्षा मोठा होऊन पडतो. म्हणजे पाण्यावर बसवलेलं तुमचं सगळं गणित औषधाला लागू होत नाही. बाटली तिरकी धरली की थेंबाचा आकार परत बदलतो. आणि टेस्ट कायम भरलेल्या बाटलीवर करू नका, बाटली संपत आली की आत हवा जास्त असते, मग तोच थेंब काढायला जास्त दाबावं लागतं, आणि आईची खरी रडारड महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच असायची हे मला फार उशिरा कळलं.

थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो (हजार मायक्रोलिटर म्हणजे एक मिली) आणि डोळ्यात मावतं जेमतेम ३०, बाकीचं गालावर येतं. म्हणून "दोन थेंब पडू दे, एक तरी जाईल" असं डिझाईन करू नका. २.५ मिलीच्या बाटलीत ३० मायक्रोलिटरचे साधारण ८० थेंब निघतात. दोन डोळे, रोज एकेक, म्हणजे महिन्याला ६० लागतात. प्रत्येक वेळी एक वाया गेला तर तीच बाटली तीन आठवड्यांत संपते, आणि मग पगार किंवा पेन्शन होईपर्यंत लोक औषधाशिवाय राहतात. काचबिंदू बहुतेकांना दुखत नाही, थेंब चुकला तरी दुसऱ्या दिवशी काहीच जाणवत नाही, पण गेलेली नजर काही परत येत नाही. बाटली दाबायला तरफ लावणार असाल तर तिला एक अडथळा ठेवा, एका दाबात एकच थेंब, पुढे दाबलंच जाऊ नये.

दुसरी चूक, एकाच बाटलीच्या मापाचं बनवणं. माझं पहिलं मॉडेल आईच्या बाटलीला एकदम फिट बसत होतं, पुढच्या महिन्यात केमिस्टने तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं, बाटली चपटी, नोझल लांब, झालं, सगळं वाया. आधी प्रिन्सेस स्ट्रीटला, मुंबईच्या औषधांच्या बाजारात, एक चक्कर मारा, गोल, चपट्या, बुटक्या, जाड प्लॅस्टिकच्या अशा जेवढ्या मिळतील तेवढ्या बाटल्या घेऊन या आणि मग स्केचिंगला बसा.

बाटली उघडणं हे तर कुणी डिझाईनमध्ये धरतच नाही. आपल्याकडच्या कितीतरी बाटल्यांच्या झाकणाच्या आत टोक असतं, झाकण घट्ट फिरवून भोक पाडायचं असतं. दुखऱ्या बोटांनी ते होत नाही, मग माणूस सुई किंवा ब्लेड घेतो, भोक मोठं होतं, थेंब जाडा पडतो, आणि सुईची घाण आत जाते ती वेगळीच. झाकणाला पकड देणारा एखादा भाग जोडा, तेवढ्यानेही खूप फरक पडतो.

डोळ्यावर टेकवायचा कप बनवत असाल तर नोझल डोळ्याला किंवा पापणीला लागणार नाही एवढं अंतर हवंच. हात थरथरत असेल तर टेकू कपाळाला किंवा नाकाच्या हाडाला मिळू दे. आणि कपाचे भाग सुटे होऊन धुता यायला हवेत, मुंबईच्या पावसाळ्यात चार दिवस काही वाळत नाही, माझ्या एका कपात आतल्या खाचेत बुरशी आली होती. डोळ्याजवळ नेण्याच्या वस्तूत अशी खाच ठेवूच नका.

ॲप, ब्लूटूथ, चार्जिंग हे सध्या बाजूला ठेवा.

काही अडचणी डिझाईनशिवायही सुटतात. थेंब पडला की नाही ते कळत नसेल आणि औषधाच्या कागदावर फ्रिजची परवानगी असेल तर बाटली फ्रिजमध्ये ठेवा, गार थेंब लगेच जाणवतो. मान मागे जात नसेल तर आडवं पडून घाला. थेंब पडल्यावर डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर दोनेक मिनिटं बोट दाबून धरा, नाहीतर औषध नाकातून अंगात जातं. टिमोलॉलसारख्या काचबिंदूच्या औषधाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, कारण त्याने नाडी मंद होऊ शकते, आणि दमा असेल तर ते आधीच डॉक्टरांना सांगायला हवं. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या.

आणि रंगावर विसंबू नका. काचबिंदूत कॉन्ट्रास्टही कमी दिसतो, पांढऱ्या बाटलीवर पांढरं झाकण कुणाला दिसणार. आईच्या रात्रीच्या बाटलीला मी रबरबँड गुंडाळला, सकाळची तशीच ठेवली, अंधारातही बोटाला कळतं. बाटली उघडल्याची तारीख ती मोठ्या आकड्यात चिकटपट्टीवर लिहून घेते, कारण रात्रीचं औषध उघडल्यावर चार आठवड्यांनी टाकायचं आहे. आता नवीन मॉडेलवर त्या चिकटपट्टीसाठी सपाट जागा ठेवतोय, आणि टेस्ट रात्री दहाला, ट्यूबलाइटमध्ये, संपत आलेल्या बाटलीवर, तिच्याच हातून.