जुनी गादी, सोफा, फ्रिज काढताय? मग टेम्पो नक्की कुठे जातोय ते आधी विचारा

दोन वर्षांमागे चवथीआधी घराला रंग द्यायचा म्हणून आम्ही जुनी गादी आणि मोडकं कपाट एका टेम्पोवाल्याला दिलं, वर पाचशे रुपये दिले, आणि विषय संपला असं वाटलं. वीसेक दिवसांनी व्हाळाच्या (ओढ्याच्या) वळणावर तेच कपाट आडवं पडलेलं दिसलं, दारावर मुलीने चिकटवलेलं फुलपाखराचं स्टिकर तसंच होतं. इतकं वाईट वाटलं, म्हणजे पैसे देऊन आम्हीच ते तिथे टाकलं असं झालं ना.

त्यामुळे आता सामान काढायचं ते एप्रिल-मे मध्येच, चवथीच्या तोंडावर भर पावसात नाही. कापसाची गादी भिजली की उचलवत नाही आणि मग कोणी घेत पण नाही, कोरडी असेल तर गादीवाला कापूस पिंजून परत भरून तरी देतो.

सोफा आहे तसा कुणाला देऊ नका, आधी सुटा करा. रेग्झिन आणि फोम ब्लेडने कापून वेगळे, खिळे उपटून लाकूड वेगळं. सागवान किंवा फणसाचं लाकूड असलं तर सुतार आनंदाने नेतो, लोखंड भंगारवाला वजनावर घेतो. खरी अडचण राहते ती फोम, रेग्झिन आणि प्लायची. प्लाय परसात जाळू नका, त्यातल्या केमिकल गोंदाचा धूर पोरांच्या छातीत जातो. ज्याचं रिसायकल होत नाही असा बराच सुका कचरा गोव्यातून गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांच्या भट्टीत जातो, पण त्यासाठी तो कोरडा हवा. म्हणून फोम कापून, बांधून, आडोशाला ठेवा आणि पंचायतीत किंवा पालिकेत जाऊन विचारा की मोठं सामान कधी उचलता, किती पैसे लागतात.

फ्रिजचं मात्र वेगळं. त्याच्या कॉम्प्रेसरमध्ये गॅस आणि तेल असतं, आणि तांब्यासाठी पाइप तोडला की गॅस तिथेच सुटतो, हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमधला तर पेट घेणारा असतो. नवीन घेताना जुना एक्स्चेंजमध्ये द्या, नाहीतर ई-कचऱ्याचं रजिस्ट्रेशन असलेल्यालाच द्या. जुन्या डबा टीव्हीच्या काचेत शिसं असतं, ती फोडू नका. टायर तर एक दिवस पण उघड्यावर नको, डेंग्यूच्या डासाची अंडी सुक्या टायरला चिकटून महिनोन्‌महिने टिकतात आणि पहिल्या पावसात फुटतात.

टेम्पो करायचाच असेल तर तीन गोष्टी करा: कुठे नेणार ते विचारा, गाडीच्या नंबरप्लेटचा सामानासकट फोटो काढा, आणि अर्धे पैसे तिथे उतरवल्याचा फोटो आल्यावरच द्या. जो "बघतो कुठेतरी" म्हणतो त्याला सामान देऊच नका, कितीही स्वस्त असला तरी. बिल्डिंगमध्ये राहत असाल तर सगळ्यांनी मिळून वर्षातून एक दिवस ठरवा, एकच पिकअप, भाडं वाटून घ्यायचं, आणि घर सोडणाऱ्या भाडेकरूला पण ही तारीख आधीच कळवायची.

व्हाळात टाकलेलं तिथेच राहत नाही हो. पुरात गादी वाहत खाजनापर्यंत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांपर्यंत जाते आणि मानशीच्या (बांधातल्या पाणी अडवायच्या झडपेच्या) दारात अडकली की भरतीला दार नीट लागत नाही, खारं पाणी शेतात शिरतं, आणि ज्याचं भात जातं त्याने तर काहीच टाकलेलं नसतं.

तुमच्या वाड्यावर अशी टाकायची जागा झालीच असेल तर आधी ती पूर्ण साफ करून घ्या, एक पिशवी जरी राहिली तरी दुसऱ्या दिवशी चार होतात. मग तिथे लाइट लावून घ्या आणि गाडी आत वळते तिथे चिरे लावून घ्या, पंचायतीला विचारूनच. रात्री कोणी टाकताना दिसला तर एकट्याने अंगावर जाऊ नका, लांबून गाडीचा नंबर आणि वेळ टिपा. तक्रार तोंडी नको, लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घ्या, आणि ती प्रत ग्रामसभेला हातात घेऊन जा.