सायकलच्या डिस्क ब्रेकचं तेल गळायलंय? आधी गळती शोधा, मग पाना उचला

मागच्या उन्हाळ्यात म्हैसमाळहून खाली उतरताना मागचा ब्रेक दाबला तर लिव्हर सरळ ग्रिपला जाऊन टेकला. पुढच्या ब्रेकवर कसाबसा खुलताबादपर्यंत आलो, उतरून बघतो तर कॅलिपरखाली (चाकापाशी डिस्कला चिमटणारा भाग) तेलाचा ओघळ आन् त्याच्यावर धुळीचा लेप. माझी खरी चूक त्याच्यानंतरची. सायकल नेली गल्लीतल्या मोटरसायकलच्या गॅरेजमधे, तो बिचारा म्हणला ब्रेक ऑइलच हाय ना, टाकून देतो, आन् त्यानं मोटरसायकलचं डॉट ऑइल (DOT, मिनरलहून वेगळ्या जातीचं ब्रेक ऑइल) टाकलं. चार दिवस ब्रेक एकदम कडक. मग लिव्हर दाबला की परत येईना, कारण माझा ब्रेक होता मिनरल ऑइलचा, म्हणजे खनिज तेलाचा, डॉटनं आतले रबराचे सील फुगवून टाकले. लिव्हर गेला, कॅलिपर गेला. गॅरेजवाल्याला काय बोलणार, मीच काही सांगितलं नव्हतं.

म्हणून पहिलं काम हे की आपला ब्रेक कुठलं तेल पितो ते बघा. लिव्हरच्या टाकीच्या झाकणावर बहुतेक वेळा लिहिलेलंच असतंय. शिमानो, टेक्ट्रो, मागुरा हे मिनरल ऑइलवाले. होप बहुतेक करून डॉटवाला. स्रॅमचं मात्र नावावरून ठरवू नका, जुने बहुतेक डॉटवर चालतेत पण डीबी८ आन् मेवन ही मॉडेलं मिनरलवर. जुनी सायकल घेतली असंल आन् आधीच्या मालकानं काय ओतलंय याचा भरवसा नसंल तर लिव्हरमधलं दोन-चार थेंब तेल वाटीभर पाण्यात टाका. मिनरल असंल तर वर तरंगतंय, डॉट असंल तर पाण्यात मिसळून जातंय. आन् डॉटवाल्यांनी हातमोजे घालायचे, फ्रेमवर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवायचं, रंग खातंय ते. शिलाई मशीनचं तेल, बेबी ऑइल असले प्रयोग ब्रेकवर करू नका, त्यासाठी घरात दारांच्या बिजागऱ्या हायत.

आता गळती शोधायची. तेल जिथं टपकायलंय तिथंच गळायलंय असं नसतंय, ते पाइपावरून खाली येतंय आन् कॅलिपरवर बसतंय. लिव्हर, पाइपाचे दोन्ही जोड, कॅलिपर सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलनं कोरडं पुसून घ्या (मोबाईल रिपेअरिंगचं सामान मिळतं त्या दुकानात भेटतंय, सॅनिटायझरची जेल नको, तिच्यात ग्लिसरीन असतंय). मग प्रत्येक जोडाला पांढरा टिश्यू गुंडाळा, लिव्हर जोरात दाबून ग्रिपला रबरबँडनं बांधा आन् रात्रभर सोडून द्या. सकाळी जो टिश्यू ओला, तो चोर. माझ्या एका दोस्ताच्या सायकलीला लोक आठवडाभर कॅलिपर बदल, कॅलिपर बदल म्हणायलेत, टिश्यू लावला तर लिव्हरजवळच्या नटापाशी पिवळट डाग, बोटाच्या नखाएवढा. बस, तेवढंच होतं.

नटापाशी गळत असंल तर आधी जरासा घट्ट करून बघा. शिमानोचा हा नट ८ मिमी पान्याचा, ५ ते ७ न्यूटन मीटरला (आवळायच्या जोराचं माप) आवळायचा, म्हणजे लांब पान्यानं अंगातली सगळी ताकद लावायची नाही. तरी थांबलं नाही तर आतलं पितळी ऑलिव्ह (पाइपावर दबून बसणारं कडं) आन् पाइपात ठोकलेली बारीक नळी दोन्ही बदला. ऑलिव्ह एकदा दबलं की परत वापरायचं नसतंय, आन् नळाची पांढरी टेप इथं काही कामाची नाही. पाइपाचं टोक धारदार कटरनं एकदम सरळ कापा, तिरपं कापलं की परत गळणार. कॅलिपरकडं बॅन्जो बोल्ट (मधून तेल जाणारा पोकळ बोल्ट) असंल तर त्याचे ओ-रिंग नवे टाका. ब्लीड निपलपाशी (कॅलिपरवरचं तेल-हवा काढायचं तोंड) ओलं असंल तर बऱ्याचदा निपल नीट आवळलेला नसतोय नाहीतर बसायच्या जागी कचरा असतोय, त्याला ४ ते ६ न्यूटन मीटर पुरे.

डिस्कला घासणाऱ्या पॅडच्या मागून, त्यांना ढकलणाऱ्या पिस्टनपाशी गळत असंल तर वाईट बातमी. शिमानो कॅलिपरचे सील वेगळे विकत नाही, अख्खा कॅलिपर घ्यावा लागतोय. स्रॅमवाल्यांना सीलचं किट मिळतंय. पण रडायच्या आधी एकदा बघा की आधी ज्यानं तेल भरलं त्यानं जास्त तर भरलं नव्हतं, आन् पिस्टनच्या कडेला काळी माती साचलेली तर नाही. पिस्टन थोडे बाहेर काढून इअरबडला आपल्या ब्रेकचंच तेल लावून कडा साफ करायच्या आन् हळूच आत ढकलायचे. कधीकधी एवढ्यावर भागतंय.

जोड उघडला म्हणजे आत हवा गेली, ब्लीड करणं, म्हणजे तेलातली हवा काढणं आलंच. शिमानोचं सांगतो. चाक आन् पॅड काढा, दोन पिस्टनच्या मधे ब्लीड ब्लॉक (पिस्टन बाहेर येऊ न देणारा ठोकळा) अडकवा, लिव्हर आडवा समतल करा. टाकीवरचा स्क्रू २.५ मिमी एलन कीनं काढून किटमधलं नरसाळं बसवा. खाली निपलला ७ मिमी रिंग पाना, त्याच्यावर तेल भरलेली सिरिंज. निपल थोडा उघडून तेल खालून वर हळूहळू ढकला, घाई केली की फेस होतोय. नरसाळ्यात बुडबुडे यायचे थांबले की निपल बंद. मग लिव्हर पंप करत राहा, पाइपावर टिचक्या मारा, हँडल जरासं खाली-वर झुकवा, लपलेले बुडबुडे निघतेत. शेवटी नरसाळं काढताना तेल टाकीच्या तोंडापर्यंत काठोकाठ पाहिजे, स्क्रू लावताना थोडं सांडलं तरच बरं. पुसून घ्या.

तेल प्यालेले पॅड मात्र फेकून द्या. गॅसवर भाजून, पॉलिश पेपरनं घासून वापरणारे लई हायत, मीही भाजलेत, दोन दिवसांनी परत कुईऽऽ कुईऽऽ. डिस्क अल्कोहोलनं पुसा, नंतर तिला बोट लावू नका. नवे पॅड टाकल्यावर सपाट रस्त्यावर वेग घेऊन हळूहळू दाबत सायकल जवळपास थांबवायची, पण चाक लॉक होऊ द्यायचं नाही, असं वीसेक वेळा. आन् घाटात जायच्या आदल्या रात्री परत एकदा टिश्यू गुंडाळा, लिव्हर बांधा, झोपा. सकाळी कोरडा निघाला तरच निघायचं.